डावं की उजवं

"काही नाही गं, साधी सूज आहे," दाराशी बूट काढत तो म्हणाला.

स्वतःच्या मानेवरच्या गाठीचा रिपोर्ट आणायला तो सकाळी एकटाच इस्पितळात गेला होता. "तू तुझा गुडघा सांभाळ," म्हणे! तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. आता तिनं नवऱ्याचा चेहरा नीट न्याहाळला. कोरी पाटी. पण या कोऱ्या पाटीवर भरवसा ठेवील तर ती कसली? चेहरा असा कोरा ठेवायला तो शिकला, तेव्हा ती समोरच बसलेली होती.

तरुणपणी दोघं एकाच प्रयोगशाळेत होते. तरतरी आणणारं एक औषध आणि त्याची दोन रूपं, एक डावं, एक उजवं. घटक तेच, पण दोन तळहातांसारखी एकमेकांची आरशातली प्रतिमा. कितीही फिरवा, एकावर एक बसायची नाहीत. डावं टोचलं की उंदीर जरा हुंगायचा, मिशा हलवायचा आणि कोपऱ्यात बसायचा. तेवढंच उजवं टोचलं की बघायलाच नको! अंगात वारं शिरल्यासारखा पेटीभर धावायचा.

टोचायचं काम त्याचं, बघून टिपायचं तिचं. आज कुठलं टोचलंय हे तिला कळता कामा नये, हा तिथला कडक नियम. नाहीतर मनात असेल तेच डोळ्यांना दिसतं. म्हणून तो दिवसभर मख्ख. "अरे, हसलास तर दात पडतील का?" ती चिडवायची. पठ्ठ्या ढिम्म! हे 'अरे' पुढे लग्नानंतरही सुटलं नाही आणि सासूबाईंनी ते शेवटपर्यंत मनावर घेतलं, ती गोष्ट वेगळी.

प्रयोगांचा हंगाम संपला की मात्र ती विचारायची, "डावं की उजवं?" मग तो एकेका उंदराचं सांगायचा आणि साठवलेलं सगळं हसून घ्यायचा. काय दिवस होते ते! कपड्यांना भुशाचा वास, खिडकीपाशी दोन स्टुलं, आणि जगात दुसरं काही महत्त्वाचं नाहीच.

एकदा उजवं टोचलेला उंदीर त्याच्या बाहीत शिरला. तेव्हापासून उजव्याच्या दिवशी पेटी उघडण्याआधी त्याचा हात आपोआप बाहीच्या बटणाकडे जायचा. त्याला पत्ताच नाही. तिच्या ते लक्षात आलं आणि ती हादरलीच. म्हणजे उंदराकडे बघण्याआधीच तिला उत्तर ठाऊक असायचं! तिनं सरळ प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं. हंगामाची मेहनत पाण्यात गेली.

"गप्प बसायला काय झालं होतं?" तो भडकला. कितीतरी दिवस बोलला नाही. बाईंनी दोघांच्या मध्ये पडदा लावला. एका दुपारी त्याच पडद्यामागून आवाज आला, "ऐकतेस का? लग्न करशील माझ्याशी?"

"पडद्याआडून काय विचारतोस?"

"नाही म्हणालीस तर तोंड दिसायला नको."

अजून आठवलं की तिला हसू फुटतं. आजही फुटलं असतं.

पण तो खुर्चीत टेकला, पाणी प्यायला आणि पुन्हा म्हणाला, "साधी सूज. गोळ्या दिल्यात." आणि बोलता बोलता, एवढ्या उकाड्यात, त्यानं बाही खाली ओढून बटण लावलं.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा असणार, तीही सकाळपासून घोर लावून बसली होती. तिनं तो वाजू दिला.

"डावं की उजवं?" तिनं विचारलं.

तो दचकला. मग त्यानं स्वतःच्या मनगटाकडे बघितलं, बटणाकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांचा तो मख्ख चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला.

"उजवं," तो म्हणाला.

गुडघा विसरून ती उठली. त्याचं बटण काढलं, बाही कोपरापर्यंत दुमडली.

"बरं," ती म्हणाली. "आता टोचून घ्यायचं काम तुझं. बघायचं माझंच. आणि या खेपेला मध्ये पडदा नको."