रेघ चढते की उतरते

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलेख कागद पसरून मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली. समोर सून बसली होती. लग्नाच्या गडबडीत तिची शाळेची शेवटची परीक्षा राहून गेली, आणि तेवढ्यासाठी दवाखान्यातली नोकरी पक्की होत नव्हती. "तुला मी पास करतो," हा मास्तरांचा शब्द. त्यांना विसरायला होऊ लागलं तशी शिकवणीची बाकी मुलं गळत गेली. ही एकटी उरली होती.

"आजचा धडा चढ. सूनबाई, चढ म्हणजे काय?"

"एक घर पुढे गेलं की रेघ किती वर जाते, ते."

"शाबास. तुझ्या नवऱ्याला एवढं शिकवताना माझे केस गेले."

"केस लग्नातच नव्हते," भांडी घासता घासता सासूबाई म्हणाल्या. "फोटो आहे."

मास्तर हसले. त्यांनी दोन बिंदू मांडले. पहिला एक-दोन, दुसरा तीन-आठ. जोडल्यावर रेघ झोकात वर गेली. मग आकडेमोड, भागाकार मांडून. वर आठातून दोन वजा, सहा. खाली एकातून तीन वजा, उणे दोन.

"चढ उणे तीन."

सुनेची मान खालीच राहिली. वर ज्या बिंदूपासून सुरुवात केली, खालीही त्याच बिंदूपासून करायची, हे त्यांनीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

मास्तर पुढे गेले. य बरोबर उणे तीन क्ष अधिक पाच. "आता दुसरा बिंदू घालून पडताळा." क्षच्या जागी तीन घातले. यायला हवे होते आठ, आले उणे चार.

ते कागदाकडे बघत राहिले. मग खोडरबर घेऊन त्यांनी दुसरा बिंदू पुसला, पार खाली उणे चारवर नवा दिला आणि रेघ खाली ओढली.

"बिंदूच चुकला होता."

बिंदू देवाने दिलेले, रेघ तेवढी आपण शोधायची, असं हा माणूस जन्मभर वर्गात सांगत आला होता. आणि आज त्याने बिंदूच हलवला.

"सांग, रेघ चढते की उतरते?"

"चढत होती, बाबा."

मास्तरांनी पुसलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "मग मी काय केलं?"

"वर दुसऱ्यापासून सुरुवात केलीत. खाली पहिल्यापासून."

त्यांनी पेन्सिल तिच्या हातात ठेवली. "उद्यापासून दुसरीकडे जा, पोरी. माझ्याकडे राहिलीस तर नापास होशील." आणि उठून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायलाही आले नाहीत.

सासूबाई त्यांच्या उशाशी बसून होत्या. एवढंच मागत होत्या, देवा, सगळं नेतोच आहेस, तर आजचं हेही ने.

देवाने ऐकलं हो.

दुसऱ्या दिवशी सून दुसऱ्या शिकवणीत नाव घालून घरी आली, तर टेबलावर आलेख कागद पसरलेला आणि मास्तरांच्या कानावर पेन्सिल.

"ये, ये. आजचा धडा चढ."

ती बसली. तेच बिंदू, तीच वजाबाकी. तेच खोडरबर. रेघ पुन्हा खाली आली.

"सांग, चढते की उतरते?"

मोरीत सासूबाईंचा हात थांबला.

"उतरते, बाबा."

"शाबास," मास्तर म्हणाले. "तू पास होणार."