मालूबाईची डबी

तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास ओसरीपर्यंत आला आणि गिरधर ताडकन उठला. त्याच्या बायकोला, मालूबाईला, जाऊन चौदा दिवस झाले होते. कालच तेरावं उरकलं, पाहुणे गेले, आणि आज तिच्याच चुलीवर पुन्हा तोच वास!

आत त्याची थोरली बहीण गोदाबाई तंबाखूची पानं काळी होईपर्यंत परतत होती. शेजारी कोकिळा, त्याची पंधरा वर्षांची पोर, गाल धरून बसली होती. मालूबाईची मशेरीची पितळी डबी तिच्या मांडीवर उघडी होती.

"हे काय चाललंय, बाई?"

"पोरीची दाढ ठणकतेय कालपासून. मशेरी लावली की बधिर होते. आणि आईची डबी लेकीकडेच जायची ना? मला नाही का आपल्या आईची मिळाली?"

"तिची आई कशानं गेली, ठाऊक आहे ना तुला?"

"दाढेनं गेली. मशेरी होती म्हणून चार वर्षं दुखणं सोसलं तरी बिचारीनं."

"सोसलं म्हणूनच गेली!"

गिरधरनं सांडशीनं तवा उचलला आणि जळती तंबाखू परसातल्या राखेत उपडी केली.

"अरे, डोकं फिरलं का तुझं?" गोदाबाई मागे धावली. "बायांच्या दातांत पुरुषाचं काय काम रे? मालूला कधी बोललास का?"

गिरधरनं रिकामा तवा खाली ठेवला. नव्हताच बोलला. तेच तर डाचत होतं.

संस्थानं मोडून राज्यं नव्यानं जुळवली गेली, तसे इंदूरकडचे लोक इकडे येऊ लागले. त्यातलाच एक डॉक्टर गावाच्या लालबाग वस्तीत दवाखाना घालून बसला होता. थंडीत मालूबाईचा गाल सुजला तेव्हा गिरधर तिला तिथे घेऊन गेला. डॉक्टरनं बॅटरी लावून तोंड पाहिलं. तिनं लगेच पदर पुढे ओढला, आणि मग डॉक्टर जे काही बोलला ते गिरधरला बाजूला घेऊन, हिंदीत बोलला. तंबाखू बंद. सकाळी घासायचे तसेच झोपताना घासायचे, आतल्या बाजूनंसुद्धा. फटीत अडकलेलं काडीनं कोरायचं नाही, दोऱ्यानं काढायचं. आणि महिन्यानं दाढ दाखवायला आणायचं. गिरधर हो हो म्हणत राहिला.

वाटेत इतवाऱ्याच्या बाजारात नेहमीच्या दुकानी थांबून त्यानं तिच्यासाठी तंबाखूची पानंही घेतली. दर आठवड्याला घ्यायचा, तशीच.

"काय म्हणाला डॉक्टर?" घरी आल्यावर तिनं विचारलं होतं.

"गोळ्या दिल्यात. घे म्हणाला."

एवढंच. बाईमाणसाला दात कसे घासायचे ते काय सांगायचं, म्हणून बाकीचं त्यानं गिळून टाकलं. गोळ्यांनी सूज उतरली. दोन महिन्यांनी पुन्हा आली ती गळ्यापर्यंत, आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं.

हे सगळं त्यानं परसात उभं राहूनच सांगितलं. आवाज चढला होता. "त्या डॉक्टरला काय झालं होतं तिच्याशी बोलायला? तोंड तिचं, दाढ तिची, अन् सांगितलं कुणाला? मला! अन् मी तरी काय माणूस, बाई? अठरा वर्षांत एकदाही म्हटलं नाही तिला, बघू, आ कर!"

 गोदाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

"कोकिळा, ये इकडे. आ कर."

"अण्णा, काहीतरीच!"

"कर म्हणतो ना!"

उजेडात त्यानं पाहिलं. मागच्या दोन दाढांच्या फटीत काहीतरी काळं अडकलं होतं. गोधडीच्या दोऱ्यातला हातभर दोरा त्यानं तोडून आणला, मिठाच्या पाण्यात बुडवला आणि आधी स्वतःच्याच दातांत घातला. हिसका जोरात बसला, हिरडीतून रक्त आलं, आणि त्याचं तोंड असं वाकडं झालं की दुखत्या गालानं कोकिळा हसली.

"हळू हो अण्णा, बैल नाही ओढायचाय."

मग तिनं स्वतः दोरा घातला. तुरीच्या डाळीचं साल निघालं. त्याला घाण वास होता. ठणका मात्र थांबला नाही.

"उद्या डॉक्टरकडे," गिरधर म्हणाला.

"मीपण येते," गोदाबाई म्हणाली. "तुझा काय भरवसा?"

लालबागेतल्या डॉक्टरनं कोकिळेचं तोंड पाहिलं. दाढेला छोटी कीड होती. दाढ भरता येईल, काढावी लागणार नाही, म्हणाला. मग बॅटरी विझवून तो गिरधरकडे वळला.

"देखिए, इसको रोज..."

"मला नाही, साहेब!" गिरधर इतक्या जोरात बोलला की बाहेर बसलेले लोक डोकावले. "मुझे मत बताओ. दाँत इसके हैं. इसको बताओ."

डॉक्टर गोंधळला. मग त्यानं खुर्ची वळवली आणि पहिल्यापासून सांगायला लागला. दोरा हिरडीवर आपटायचा नाही, दाताच्या कडेला टेकवून वर ओढायचा. कोकिळा आधी खालीच बघत होती. मग तिनं मान वर केली.

"और मशेरी, डॉक्टरसाब? थोडीसी?"

"बिलकुल नहीं."

कोपऱ्यातून गोदाबाईनं पदर जरा बाजूला केला. "त्याला विचार गं," ती कोकिळेला म्हणाली, "तीस वर्षं लावली असेल तर काय करायचं?"

"तूच विचार, बाई," गिरधर म्हणाला आणि उठून तिला स्टूल दिलं.