बारांपैकी आठ

बनाबाईने पातेल्यातून नळीचं हाड उचललं, पळीवर क्षणभर तसंच धरलं आणि सम्राटच्या ताटात टाकलं.

*

पुण्याहून आलेला टेम्पो श्रीगोंद्याच्या स्टँडपाशी थांबला तेव्हा आत बारा कॉम्प्युटर होते, गोधड्यांत गुंडाळलेले. पानवाल्याने आत डोकावून विचारलं, टीव्ही वाटायला आनलेत का? इलेक्शन तर झालं.

*

तीन नंबरच्या खोलीतल्या बाईचं बाळ जन्मताच गेलं होतं, आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून पाळणा चालू होता.

*

नव्व्याण्णव संपून दोन हजार लागलं की जुन्या कॉम्प्युटरांना ते एकोणीसशेच वाटणार, असं पेपरात येत होतं. म्हणून पुण्यातल्या कचेऱ्या जुने संच भंगारात काढत होत्या. गाणं वाजवायला साल कशाला कळावं लागतं, असं सम्राटचं म्हणणं.

*

टेपचं हेड मळलंय, हे महेंद्रला भिंतीपलीकडूनही कळायचं.

*

हे सगळं एकाच महिन्यातलं आहे. नीट सांगायचं तर तीन नंबरपासून सांगावं लागेल.

श्रीगोंद्यात डॉक्टरीणबाईंचं आठ खोल्यांचं प्रसूतिगृह होतं. गाणं कानावर असलं की बायकांना कळा सोसवतात, असं त्यांचं मत होतं. शहाऐंशी साली त्यांनी महेंद्रला बोलावलं. त्याने केबिनमध्ये एक टेप आणि एक अॅम्प्लिफायर बसवला, तिथून आठ खोल्यांत वायरी नेल्या, प्रत्येक खोलीत एक स्पीकर टांगला. त्याआधी स्टँडमागच्या त्याच्या जागेला लोक टपरी म्हणत. त्यानंतर दुकान म्हणू लागले.

खोलीत बटण मात्र नव्हतं. बाईंनी तेव्हा विचारलं होतं. महेंद्र म्हणाला होता, बटण आलं की वायरीला जोड आला, आणि जोड आला की आवाज मरतो. बाईंनी ऐकलं. तेरा वर्षं आठही खोल्यांत एकच गाणं, एकाच वेळी, स्वच्छ वाजलं.

त्या दिवशी बाई ऑपरेशनमध्ये होत्या आणि केबिनला कुलूप होतं. पाळणा थांबवायला आया रंगुबाई दारावर थापा मारत राहिली. शेवटी तीन नंबरमधल्या बाईच्या नवऱ्याने स्पीकरच ओढून काढला. भिंतीचा पोपडा खाटेवर पडला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी महेंद्रला बोलावून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, आजच आठ बटणं बसवतो. बाई म्हणाल्या की बटणाने आता भागायचं नाही. एकीला अभंग हवा असतो, एकीला भीमगीतं, एकीला सिनेमातलं, आणि एखादीला काहीच नको असतं.

"तुमच्या साडूंनी एक मार्ग सांगितलाय," त्या म्हणाल्या. "स्वस्तातलाय. मला पटला."

साडू म्हणजे सम्राट. महेंद्रची बायको यशोधरा, तिची धाकटी बहीण माधुरी, आणि माधुरीचा हा नवरा. नगरला त्याचा कॉम्प्युटरचा क्लास होता. लग्नाला चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत सासूबाईंच्या, म्हणजे बनाबाईच्या, घरातलं एक वाक्य हळूहळू बंद पडलं होतं. 'थोरल्या जावयाला इचारा' हे ते वाक्य. विहिरीवरची मोटर घ्यायची तर थोरल्याला विचारा, पोराला कुठल्या शाळेत घालायचं तर थोरल्याला विचारा. आता बनाबाई कुणालाच विचारत नव्हती. ती नगरला फोन लावायची.

सम्राट वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. तो आला की आधी महेंद्रच्या पाया पडायचा. महेंद्रच्या दुकानात बसून चहा प्यायचा. त्याचे बूट दाराबाहेर असायचे, महेंद्रच्या चपलांच्या शेजारी नीट जुळवून ठेवलेले. महेंद्रला त्या बुटांचासुद्धा राग यायचा.

*

तर ते मटण. रविवारची दुपार, दोन्ही जावई जेवायला. बारा वर्षं नळी महेंद्रच्या ताटात पडली होती. आज ती सम्राटकडे गेली. सम्राट ती चोखायला संकोचला आणि म्हणाला, भाऊंना द्या. बनाबाई म्हणाली, "खा रं. त्येंनी लई खाल्ल्यात."

सगळे हसले. महेंद्रही हसला. त्याने भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला आणि तो तिथेच विरघळला.

जेवण झाल्यावर सम्राटने बेत सांगितला. गाणी सगळी केबिनमधल्या एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये. प्रत्येक खोलीत एक लहान, जुना कॉम्प्युटर. खोलीतून हवं ते गाणं मागायचं, ते वायरीतून येणार. शेजारच्या खोलीत दुसरंच चालू असणार. नको असेल तर बंद. पुण्याहून बारा संच आणलेत, लागतात आठ.

"भाऊ, ते आठ तुम्ही निवडून द्या," तो म्हणाला. "मला तेवढं जमायचं नाही. कान तुमचा."

महेंद्रने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस माझं काम उचलून नेतोय आणि वर मलाच म्हणतोय, जरा हातभार लावा, असं त्याला वाटलं. चिडवतोय का, हेही त्याने चेहऱ्यावर शोधलं. चेहऱ्यावर मटणाचा घाम तेवढा होता.

"आता नवं शिकलेली मानसं हायेत की," तो म्हणाला. "आमाला कुठं काय कळतंय त्यातलं."

यशोधरा आतून पान घेऊन येत होती. ती थांबली. "जावा की," ती म्हणाली. "इचारतोय ना तो. इचारतोय म्हंजे गरज आसंल."

*

संच महेंद्रच्याच दुकानात मांडले. बारा पत्र्याच्या चपट्या पेट्या, काहींवर अजून कचेरीचे नंबर चिकटवलेले. बाकावर पाच, टेबलावर चार, तीन खाली पोत्यावर. सम्राटने प्रत्येकावर एकच गाणं लावायची सोय केली होती आणि हातात खडू घेऊन उभा होता. महेंद्र निवडेल त्या पेटीवर तो फुली मारणार.

महेंद्रने डोळे मिटले.

पहिल्यात गाण्याच्या मागे स्टोव्ह पेटल्यासारखं सूं होतं. दुसऱ्याचा पंखा कुईकुई करत होता. तिसरा स्वच्छ, गाणारी बाई श्वास कुठे घेते तेही कळत होतं. त्याने तिसरा पुन्हा लावायला सांगितला. एवढ्याशा भंगारातून असा आवाज. त्याच्या अॅम्प्लिफायरमधून तेरा वर्षांत असा आला नव्हता. हे कळलं आणि त्याने घाईने चौथा लावायला सांगितला.

बाराही ऐकून झाले तेव्हा हिशेब स्पष्ट होता. चार उत्तम, तीन बरे, पाच वाईट. सात आणि एक. वाईटांतल्या एकाचा नुसता पंखा बदलला की तोही चालला असता. पाच मिनिटांचं काम.

"पहिला घ्या," महेंद्र म्हणाला.

सम्राटने खडूने फुली मारली.

"दुसरा बी."

फुली.

तिसऱ्यापाशी सम्राट स्वतःच थांबला. "हा बरा वाटला का भाऊ? तुम्ही दोनदा लावला."

"आवाज गोड हाय. पन टिकायचा न्हाई. आतून गेल्यालाय."

सम्राटने मान हलवली आणि तिसरा बाजूला सरकवला. त्याने का म्हणून विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर महेंद्रला उत्तर बनवावं लागलं असतं, आणि कदाचित बनलं नसतं. चारही उत्तम संच असेच बाजूला गेले. पाच वाईट आणि तीन बरे, असे आठ टेम्पोत चढले. महेंद्रने स्वतः गोधडी गुंडाळली. उद्घाटनाच्या दिवशी बाई कपाळाला आठ्या घालतील आणि म्हणतील, महेंद्र, तुमचं जुनंच बरं होतं. हे वाक्य तो मनात इतक्या वेळा म्हणाला की त्यात बाईंचा खोकलाही आला.

*

बाईंनी आठ्या घातल्या नाहीत.

एक नंबरला अभंग, दोनला भीमगीतं, पाचला सिनेमातलं गाणं. दारं उघडी, बायका उशीला टेकून, सासवा खुर्च्यांवर. एक म्हातारी तेच गाणं तिसऱ्यांदा लावायला सांगत होती. बाई एकेका खोलीत जाऊन ऐकत होत्या आणि लहान मुलीसारख्या हसत होत्या. तीन नंबर त्यांनी मुद्दाम बंद ठेवायला लावला होता. त्या बंद दारासमोर त्या जरा वेळ उभ्या राहिल्या.

"बघा, किती सोपं होतं," त्या म्हणाल्या.

मग सम्राटला नारळ दिला. सम्राटने तो हातात घेतला आणि महेंद्रकडे वळून त्याच्या हातात ठेवला. "निवड सगळी भाऊंची आहे, बाई. एकेक संच कानाने पारखलाय."

टाळ्या वाजल्या. बनाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "थोरला तो थोरलाच."

जे वाक्य ऐकायला महेंद्र चार वर्षं थांबला होता ते आलं, आणि त्याला कुठे ठेवावं ते कळेना. तो नारळ धरून व्हरांड्यात उभा राहिला. त्याला सात दारांतून सात सूं ऐकू येत होते. पाच नंबरचा पंखा कुईकुई करत होता. हे यांना ऐकू येत नाही? एवढ्या माणसांत एकालाही?

रंगुबाई बादली घेऊन चालली होती. त्याने तिला थांबवलं.

"मावशी, गान्याच्या मागं काई ऐकू येतंय का?"

तिने बादली खाली ठेवली, मान वाकडी केली आणि मनापासून ऐकलं. "व्हय," ती म्हणाली. "सहा नंबरचं पोर रडतंय."

घरी जाताना त्याने यशोधराला विचारलं. ती म्हणाली, मला तर चांगलं वाटलं. मग तिने विचारलं, का, काय झालं? तो म्हणाला, काय न्हाई.

तेरा वर्षं त्याने त्या आठ खोल्यांना बटण दिलं नव्हतं, आवाज मरू नये म्हणून. तो आवाज ऐकत कोण होतं?

*

पुढचे तीन दिवस दुपारी महेंद्र दवाखान्यात जात राहिला. जुन्या वायरी काढतोय, असं त्याने बाईंना सांगितलं. ते खोटं नव्हतं. वायर काढायची, गुंडाळायची, आणि मग दार लोटून खोलीतल्या कॉम्प्युटरचा पत्रा उघडायचा. एका ठिकाणी पंख्यात तेलाचा थेंब. एका ठिकाणी आवाजाच्या वायरीवर पातळ पत्रा गुंडाळून तो अर्थिंगला जोडायचा. दोन ठिकाणी त्याने आपल्या दुकानातले कंडेन्सर डाग देऊन बसवले. एकेक खोली स्वच्छ होत गेली. बायका पाहत राहायच्या आणि कुणी काही म्हणायचं नाही, कारण त्यांच्या लेखी काही बदललंच नव्हतं. त्याने सम्राटला कळवलं नाही. कळवायचं म्हणजे पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.

तीन नंबरही त्याने केला. तिथे कुणी नव्हतं. त्याने गाणं लावून पाहिलं, ऐकलं, बंद केलं.

शेवटी राहिला चार नंबर. खाटेवर तिसगावकडची एक तरुण बाई होती, कुशीत दोन दिवसांचं मूल. गाणं अगदी हळू लावलेलं. महेंद्र खाली बसला आणि त्याने पत्र्याचा पहिला स्क्रू सैल केला.

"काय करताय भाऊ?"

"साफ करतो. दोन मिन्टांचं काम."

"बंद पडंल का?"

"न्हाई. त्येच्या मागं एक बारीक आवाज हाय, तेवढा जाईल."

बाई कोपरावर उठली. "तो नका घालवू. गानं गेलं तर जाऊ द्या. त्या सूं-सूंनंच निजतंय हे. काल मी बंद क्येलं तर घटकाभर रडत हुतं."

महेंद्रचा हात थांबला. "तुमाला ऐकू येतोय त्यो?"

"येतोय की," ती म्हणाली. "लई बारीक हाय. पन हाय."

त्याने वळून खाटेकडे पाहिलं. मूल झोपलं होतं, मुठी मिटून. मग त्याने सैल केलेला स्क्रू पुन्हा आवळला, पेटीवरची धूळ बाहीने पुसली, जुन्या वायरीचं वेटोळं खांद्यात अडकवलं आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.

*

सम्राटचे दोन्ही कान लहानपणी फुटले होते आणि बारीक आवाज त्याला ऐकू येत नसत. हे माधुरीने पंच्याण्णव साली, लग्नाच्या आठ दिवस आधी, एकट्या यशोधराला सांगितलं होतं.