आवाजावर दाबलेले बटण

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. पोट गोल, डोक्यावर एकच बटण आणि काचेला तडा. मित्रांनो, तुमच्या घरची घड्याळे दिवसभर चालतात. मी मात्र जन्मभर दहा-बारा सेकंदांचेच काम केले, पण त्यात कधी कसूर केली नाही.

कारखान्यात माझे काटे बसले, दोन वर्षे दुकानात धूळ खाल्ली आणि मग एका शाळेच्या खेळाच्या बाईंनी मला घेतले. त्यांची भाची म्हणजे भिंगरी. सकाळी धावणे, दुपारी लांब उडी, संध्याकाळी हॉकी आणि सुट्टीला बास्केटबॉल. "ही पोरगी जेवते तरी बसून का?" असे शेजारणी विचारत. मी बाईंच्या, म्हणजे तिच्या आत्याच्या गळ्यात असे, त्यामुळे भिंगरीची मेहनत मी जवळून पाहिली आहे.

तिला देशाच्या संघात जायचे होते. शंभर मीटर बारा सेकंदांच्या आत, अशी अट होती आणि चाचणी वर्षातून एकदाच. सरावाला शाळेचे रखवालदार काका पलीकडच्या टोकाला दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटत, भिंगरी सुटे आणि अलीकडे आत्या माझे बटण दाबे. एके दिवशी मी अकरा पूर्णांक नऊ दाखवले. आत्या इतकी हरखली, की तोंडातली शिट्टी गिळता गिळता राहिली.

चाचणीत मात्र तीन पंचांच्या तीन घड्याळांनी एकमुखाने सांगितले, बारा पूर्णांक दोन. भिंगरीने घरी येऊन मला टेबलावर आपटले.

"या डबड्यानं माझं वर्ष वाया घालवलं!"

हा तडा तेव्हाचा. त्याहून ते डबडे मला जास्त लागले.

दोघी मला घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे घेऊन गेल्या. त्यांनी मला उघडले, दोन दिवस तपासले.

"बाई, घड्याळ चोख आहे. बटण फळ्या बघून दाबता, की आवाज ऐकून?"

"आवाज ऐकून," आत्या म्हणाली. मित्रांनो, आवाजाला शंभर मीटर यायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. तेवढा वेळ भिंगरी धावत असे आणि मी ढिम्म!

"आत्या, तुला फळ्या दिसतात ना?"

"दोन वर्षं झाली, त्या टोकाचं धड दिसत नाही गं. मैदानावर चष्मा लावला तर पोरी म्हातारी म्हणतील, म्हणून…" आत्याला रडू फुटले.

भिंगरी दुकानात येरझारा घालू लागली. मी उघडा पडलो होतो, नाहीतर किती वेळ ते मोजून सांगितले असते. शेवटी ती म्हणाली, "ऊठ. चष्म्याच्या दुकानात जाऊ. आजच."

मग वर्षभर खरे आकडे आले, आणि ते झोंबले. बारा दोन. पुन्हा बारा दोन. पावसापाण्यात बारा चार. पुढच्या चाचणीत मात्र अकरा आठ! त्यानंतर भिंगरी सलग पाच वर्षे अजिंक्य राहिली, लांब उडीत पदके आणली, हॉकीच्या संघातही खेळली. वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले. मी एकाही फोटोत नाही. पुढे विजेवरची यंत्रे आली आणि मी अकरा वर्षे खणात, खोडरबरांच्या शेजारी पडलो. ना किल्ली, ना तेल. मला फार एकटे वाटे.

आता आत्या नाही. भिंगरीच खेळाच्या बाई आहे. गेल्या आठवड्यात तिचे नवे यंत्र बंद पडले आणि तिने मला गळ्यात घातले. पलीकडे एक मुलगी तयार उभी होती. फळ्या वर गेल्या. भिंगरीने डोळे बारीक केले आणि माझ्या काळजात धस्स झाले.

"थांबा, थांबा!" ती ओरडली. खिशातून चष्मा काढून तिने नाकावर बसवला. "हं, आता."

मित्रांनो, आम्हाला कोरडे ठेवा, हलक्या हाताने किल्ली द्या. आणि आमच्यावर अंगठा ठेवण्याआधी आपले डोळे तपासून घ्या.

मी बारा पूर्णांक सहा दाखवले. मुलीचे तोंड एवढेसे झाले. "बाई, हे खरं आहे?"

"अगदी खरं," भिंगरी म्हणाली. "म्हणून तर कमी करता येईल."