मुठीतला ई

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. झाकण सरकतं आहे आणि पोटात इंग्रजीची सव्वीस अक्षरं आहेत, प्रत्येक अक्षर एकदाच. हसू नका. माझ्या वयाची खेळणी केव्हाच चुलीत गेली आणि मी अजून चकाकते आहे. का चकाकते ते सांगते, पण ऐकून बरं वाटेल असं त्यात काही नाही.

या घरची आई सुताराची मुलगी. मला तिच्या वडिलांनी घडवलं. आजोबांना इंग्रजीचा गंध नव्हता. दुकानांच्या पाट्यांवर दिसली तशी अक्षरं त्यांनी तापलेल्या तारेने चकत्यांवर उमटवली. ई करताना तार जरा जास्तच तापली आणि त्याला काळा डाग पडला. नातवंडं खेळता खेळता इंग्रजी शिकतील, एवढीच म्हाताऱ्याची हौस.

नातवंडं शिकलीही. पण खेळाचा नियम त्यांच्या वडिलांचा. ते कचेरीत साहेब होते आणि घरातही साहेबच. जेवायच्या वेळी मला टेबलावर आणायचं. साहेब दोन अक्षरं काढून ठेवत आणि शब्द किती अक्षरी हवा ते सांगत. ती दोन्ही अक्षरं घेऊन शब्द लावला, की ताटावर बसायचं. मुलं पटकन लावून मोकळी होत. आई मात्र इंग्रजी शिकलेली नव्हती. ती उभीच राही, तिचं अन्न गार होई आणि मुलं खुदुखुदु हसत. आमच्याकडे घास फुकट मिळत नाही, असं साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगत. कौतुक माझंही होई बरं का.

आईही हट्टी. दुपारी घर रिकामं झालं की मला काढून बसे, शब्द लावी, मोडी, परत लावी. हळूहळू तिला जमू लागलं. साहेबांच्या ते लक्षात आलं आणि काही केल्या रुचलं नाही.

एकदा आजोबा जेवायला आले. साहेबांनी बी आणि डी काढले आणि पाच अक्षरी शब्द मागितला. आईचा चेहरा उजळला. ब्रेड! तो तर समोर टोपलीतच होता. वडिलांच्या देखत तिने बी लावला, आर लावला, एक जागा सोडून ए आणि डी लावले. ई काही सापडेना. तिने मला पालथी केली, टेबलाखाली वाकून पाहिलं.

"शोध," साहेब म्हणाले. "इथंच कुठंतरी असेल."

ई त्यांच्या मुठीत होता. बोटांच्या फटीतून त्याचा काळा डाग मुलांना दिसत होता, आजोबांनाही दिसत होता. आई रडकुंडीला आली तेव्हा साहेबांनी मूठ उघडली आणि घामाने ओला झालेला ई टेबलावर टाकला. अगं गंमत केली, इतकं काय मनाला लावून घेतेस, म्हणत ते जेवू लागले. आजोबा भरल्या ताटावरून उठले. पुन्हा या घरात आले नाहीत, आणि वर्षभरात गेलेच. त्यानंतर आईने मला हात लावला नाही. मी माळ्यावर धूळ खात पडले. मुलं मोठी झाली, पांगली.

मग साहेबांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. उपचाराला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, यांचं आयुष्य इंग्रजी कागदांत गेलंय, अक्षरं लावून घेत जा. हवी ती वस्तू समोर ठेवा आणि प्रयत्न केला की लगेच द्या. आईने मला स्वतः खाली काढलं, पुसलं, तेल लावलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

ऐन दुपारची वेळ. साहेबांचे ओठ सुकले होते. त्यांचा डावा हात पाण्याच्या पेल्याकडे गेला. आईने पेला मागे सरकवला आणि दोन अक्षरं काढली, डब्ल्यू आणि टी. पाच अक्षरी, म्हणाली. साहेबांनी ए लावला. बऱ्याच वेळाने आर लावला. मध्ये एक जागा सोडली आणि शोधू लागले. शोधता शोधता त्यांची नजर तिच्या मिटलेल्या मुठीवर गेली. तिथेच थांबली.

"शोधा," आई म्हणाली. "इथंच कुठंतरी असेल."

साहेब रडू लागले. त्यांच्या रडण्यालाही आता आवाज नाही. आई बघत बसली.

फाटक वाजलं. माहेरी आलेली थोरली बाहेरून परतली होती. ती आत येईपर्यंत आईने ई जागेवर ठेवला होता आणि पेला साहेबांच्या ओठांना लावला होता. साहेबांनी लेकीचा हात घट्ट धरला आणि आईच्या मुठीकडे दाखवत राहिले. पण मूठ आता उघडी होती. बाबा आभार मानताहेत असं वाटून थोरलीचे डोळे भरून आले.

"आई, तू आहेस म्हणून," ती म्हणाली. "रोज लावून घेत जा गं त्यांच्याकडून."

आई हो म्हणाली. मग तिने एकेक अक्षर पुसून माझ्यात ठेवलं. ई ओला होता.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंनी शेवटी म्हणायचं असतं, आम्हाला जपा. मला तर इतकं कधीच कुणी जपलं नव्हतं. पण हात असते तर जोडले असते. मला जपू नका. या घरी आलात तर मला उचला आणि खुशाल चुलीत घाला. फक्त याल ते दुपारच्या आत या.