भिंतीकडे तोंड करून

खुर्ची जाग्यावर नव्हती. दाराआड, छत्रीच्या शेजारी, वीसेक वर्षं ती तिथेच उभी असायची. ऊन उतरलं की मॅव्हिस एका हातात ती उचलायची, दुसऱ्या हातात पंखा घ्यायची आणि गल्लीत जाऊन बायकांच्या रांगेत बसायची. आज हात दाराआडून रिकामाच परत आला.

"क्लिफर्ड! माझी खुर्ची कुठे घातलीस?"

"कुठली? ती मोडकी होय?" आतून नवरा म्हणाला. "सकाळी ढिगावर टाकली. सान हुआनच्या सणाच्या होळीला सगळेच जुनं सामान देतायत. म्हटलं, आपणही आवरायला लागू. नाहीतरी जायचंच आहे."

जायचंच आहे. महिनाभर त्याची हीच टकळी चालू होती. इंग्लंडात, ओल्डममध्ये, लेकीने घराजवळच तळमजल्याची जागा पाहून ठेवली होती. आज संध्याकाळी जिलियनचा फोन यायचा होता, हो का नाही ते विचारायला. स्पेनला येण्याआधी क्लिफर्डने जन्मभर ओल्डमच्या बसगाड्या हाकल्या. गुडघा गेल्यापासून त्याला स्वप्नातसुद्धा तिथलं धुकं दिसायचं. व्हिनेगर मारलेले बटाटे, भुरभुरता पाऊस, आणि समजावून न सांगता आपल्या विनोदाला हसणारं कुणीतरी.

गिरणीतल्या मुकादमांना सरळ करणारी मॅव्हिसची जीभ या एका गोष्टीपुरती गप्प होती. माणूस घरी जायचं म्हणतो, त्याला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं?

ती तशीच बाहेर आली. शेजारणी, रेमेदिओस आणि एन्कार्ना, रोजच्यासारख्या भिंतीकडे तोंड, रस्त्याकडे पाठ करून बसल्या होत्या. दोघींच्या मधे एका खुर्चीची जागा मोकळी होती.

स्पेनच्या या किनाऱ्यावर आली, तेव्हाच्या पहिल्या उन्हाळ्यात मॅव्हिसने आपली कापडी खुर्ची खुशाल रस्त्याकडे तोंड करून मांडली होती. ब्लॅकपूलला समुद्र बघत बसतात तशी. येणारेजाणारे अंग चोरून जायला लागले, तेव्हा समोरच्या रेमेदिओसने येऊन कमरेवर हात ठेवले होते.

"अगं बाई, तू काय पोलीस आहेस, येईल त्याची झडती घ्यायला?"

आणि घरातून एक बुटकी, गवताच्या विणीची खुर्ची आणून तिने भिंतीकडे वळवून ठेवली. "ही घे. माझ्या सासूची. तीही तुझ्यासारखीच तोंडाळ होती."

त्या खुर्चीवर मॅव्हिस इथली भाषा शिकली, आधी शिव्या, मग बाकीची. पाठीमागून कोण चाललंय ते पावलांवरून ओळखायला शिकली. बहीण गेल्याचं इंग्लंडहून कळलं, तेव्हा एन्कार्ना शेजारी सरकून बसली होती. सोलायच्या मटाराच्या शेंगा तेवढ्या तिच्या ओटीत टाकल्या होत्या.

आणि गेल्या साली ओल्डमला लेकीकडे गेली, तर सवयीने स्वयंपाकघरातली खुर्ची दारात काढून बसली. शेजारीण गाडीतून डोकावली, "काय हो, किल्ली हरवली का?" जिलियन लाजेने लाल झाली. क्लिफर्ड पोट धरून हसला. मॅव्हिसही हसली. पण त्यानंतर तिकडे तिने खुर्ची बाहेर काढली नाही.

"उभी का? मूळव्याध झाली?" रेमेदिओसने विचारलं.

"खुर्ची नवऱ्याने होळीला दिली."

"मेल्याला समोर धडधाकट खुर्ची दिसली, जाळायला आरशातलं वाळकं लाकूड नाही दिसलं? बस माझ्या खुर्चीवर."

"नको. आता सवय मोडायलाच हवी. आम्ही निघालो, रेमेदिओस."

रेमेदिओसचा पंखा थांबला. "निघा की. अडवलंय कुणी?" एवढं म्हणताना तिचा आवाज चिरकला, म्हणून मग ती एन्कार्नाच्या अंगावर खेकसली, "तू काय बघतेस?"

क्लिफर्ड उंबऱ्यात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो काठी टेकत उतारावरून खाली गेला. मॅव्हिसने वळून पाहिलं नाही.

उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकली. मग काठीचा आवाज परत आला, आणि त्याच्या मागोमाग दगडांवर काहीतरी फरफटत आलं. क्लिफर्डचा सदरा घामाने भिजला होता.

"ढिगावर नव्हतीच," तो धापा टाकत म्हणाला. "मासळीवाल्या रोसेंदोने आपल्या दुकानात उचलून ठेवली होती. म्हणे, चुकून आली असणार. ही मॅव्हिसची खुर्ची, ही कोण जाळेल?" तो घाम पुसत राहिला. "तिकडे माझ्या बसमध्ये अख्खं गाव चढलं-उतरलं गं. आणि तुला विचारलं काय, तर किल्ली हरवली का."

त्याने खुर्ची मांडली. नेमकी रस्त्याकडे तोंड करून.

"इतकी वर्षं झाली, तरी गाढव ते गाढवच!" रेमेदिओसने खुर्ची वळवली. मॅव्हिस बसली. गवताची वीण ओळखीची कुरकुरली.

आत फोन वाजायला लागला.

"जिलियन असेल," क्लिफर्ड म्हणाला.

"मग घे."

"काय सांगू?"

मॅव्हिसने मान वळवली नाही. "सांग, आई बाहेर बसलीय. आणि तुला जिना चढवत नसेल तर उद्या खाट खाली आणू. येताना स्वतःसाठी खुर्ची आण, मी माझी देणार नाही."

आतून त्याचा आवाज आला, मागच्या बाकावरच्या उतारूला सांगावं तसा मोठा, "नाही गं पोरी, किल्ली सापडली!"

एन्कार्नाने नाक मुरडलं. "बाप्या माणूस? या रांगेत?" आणि आपली खुर्ची थोडी बाजूला ओढून घेतली.