राहीकाकीसाठी सोपं तत्त्वज्ञान

राहीकाकी वाचायला शिकली तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. तिला शिकवणारा मी तेवीस वर्षांचा होतो आणि बेकार होतो. सरकारी भाषेत मला स्वयंसेवक म्हणायचे. बेकाराला स्वयंसेवक म्हटलं की त्याच्या आईला शेजारणींना काहीतरी सांगता येतं, एवढाच त्या शब्दाचा मला उपयोग झाला.

एक्क्याण्णव साल होतं. आमचं गाव तामसीपासून दोन कोस. बायका सकाळच्या बसनं वांगी-भेंड्या घेऊन आदिलाबादला जायच्या आणि दुपारी रिकाम्या टोपल्या घेऊन परत यायच्या, म्हणून अक्षरवर्ग चारला भरायचा. सात महिन्यांत राहीकाकीचं अंकलिपीचं पुस्तक संपलं. त्यानंतर मंडल ऑफिसातून नव्या वाचकांसाठी तीन पुस्तिका आल्या. एक शेळीपालनावर, एक जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी कसं द्यावं यावर, आणि तिसरी शेळीपालन, भाग दुसरा. काकीनं तिन्ही ओळीनं वाचल्या. पहिल्या पुस्तिकेत शेळी आजारी होती, तिसरीत ठणठणीत होती. तेव्हा मधल्या पुस्तिकेतलं पाणी शेळीलाच दिलं असणार, असं तिनं ताडलं. गोष्ट चांगली होती म्हणाली.

मग एक दिवस वर्ग सुटल्यावर ती मागं थांबली.

"उद्धव, शेळीचं झालं. आता मानसाचं पुस्तक आन."

"कोन्या मानसाचं, काकी?"

"माह्या घरी हाय त्याचं."

तिच्या घरी महिपतकाका होते. आदल्या वर्षी पावसाळ्यात त्यांच्या डोक्यात ताप गेला. महिनाभरानं ताप उतरला आणि जाताना राहीकाकीला घेऊन गेला. म्हणजे काकी तिथंच होती, काकांच्या डोक्यातून गेली. बाकी सगळं त्यांना आठवायचं. तीस वर्षांपूर्वी मेलेल्या बैलांची नावं आठवायची, तहसिलातल्या कोण्या पेशकारानं कोणता शेरा मारला होता ते आठवायचं. फक्त सव्वीस वर्षं संसार केलेली बायको आठवायची नाही. रोज सकाळी ते उठायचे, चुलीपाशी बाई पाह्यचे आणि हात जोडून विचारायचे, "तुमी कोनाच्या, बाई?"

"तुमच्याच," काकी म्हणायची.

यावर काका लाजून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. परक्या बाईसोबत घरात एकटं बसणं त्यांना बरं वाटायचं नाही. मग काकीनं उत्तर बदललं. "सैपाकाले येते मी," असं सांगायला लागली. त्यावर ते निवांत आत बसायचे आणि जेवून झाल्यावर म्हणायचे, "बाई, भाजी लय चांगली केली तुमी."

खरी अडचण इथं होती.

"सव्वीस वर्सात ह्या मानसानं एक डाव नाई म्हटलं का भाजी चांगली झाली," काकी मला म्हणाली. "अन आता रोज म्हनते. मी उभी असली तं बसा म्हनते. परवा माह्या डोक्यावरची टोपली उतरून घेतली. मग हा तो कसा? तो असता तं टोपलीकडं पाह्यलं बी नसतं."

"मग दुसरा म्हना."

"दुसरा म्हनू तं मले बरा वाटते रे हा." तिनं पदर नीट केला. "दुसरा मानूस बरा वाटते, हे पाप तं नाई? ते पाहून सांग. कोन्या तं पुस्तकात असंल."

मी म्हटलं, असल्या प्रश्नांना तत्त्वज्ञान म्हणतात. हे मला माहीत होतं कारण किनवटच्या कॉलेजात मी तो विषय घेतला होता. इतिहासाचा तास नऊला असायचा आणि आमची गाडी साडेदहाला पोचायची. तत्त्वज्ञान अकराला होतं. हिंदुस्थानचा अर्धा इतिहास मला त्यामुळं अजून माहीत नाही.

"तुले येते का ते?"

"पास झालो."

"ते नाई इचारलं."

घाई व्हायला कारण होतं. काकीचा भाऊ भगवंतराव बेल्लमपल्लीला खाणीत कामाला होता. क्वार्टर होतं, घरात नळ होता, आणि बहिणीवर जीव होता. तो येऊन सांगून गेला होता : "राहे, तो तुले वयखत नाई. कोनी बी वाढलं तरी जेवते. इथं त्याचा भाऊ हाय, भावजय हाय, ते पाह्यतील. तू काऊन जीव जाळते? पंधरा दिवसानं येतो. बोचकं बांधून ठेव." काकांच्या भावानं, बाबारावनंही मान डोलावली होती. काकीला मूलबाळ नव्हतं. जावं म्हणणारे सगळे चांगले लोक होते, म्हणून त्यांना उत्तर देणं अवघड होतं.

"बायको असन तं जाता येत नाई," काकी म्हणाली. "बायको नसन तं रायता येत नाई. आदी हा कोन ते ठरू दे. वाचल्याबिगर मी काही ठरवत नाई."

माझ्या हातात पंधरा दिवस होते आणि आख्खं तत्त्वज्ञान होतं.

मी आदिलाबादच्या वाचनालयात गेलो. ग्रंथपाल तेलुगू, त्यांना सगळे सारू, म्हणजे सर, म्हणायचे. त्यांनी मराठीचं कपाट उघडलं, मागच्या रांगेत हात घातला आणि तीन पुस्तकं टेबलावर ठेवली. "देखो बाबू," ते म्हणाले, "तीन ही है. दो को किसीने हाथ नहीं लगाया. तीसरे का कव्हर कोई ले गया."

पहिलं पुस्तक दोन्ही हातांनी उचलावं लागत होतं. सुरुवातीलाच लिहिलं होतं की हा केवळ तोंडओळख करून देण्याचा अल्पसा प्रयत्न आहे. ज्याची तोंडओळख नऊशे पानांची, त्याच्या घरी जेवायला जाण्यात अर्थ नव्हता. दुसरं बारीक होतं, अठ्ठेचाळीस पानांचं. तेच घेऊन निघालो आणि बसमध्ये तोंडानं वाचून पाह्यलं, कारण काकी तोंडानंच वाचायची. पहिलं वाक्य बस स्टँडवर सुरू झालं ते तामसीचा फाटा आला तरी चाललं होतं. क्रियापद कुठं दिसलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, कोर्टाचा कागद हाय का? मी फाट्यावर उतरलो आणि पुढच्या बसनं परत गेलो.

तिसरं, बिनकव्हराचं, कोण्या मास्तरनं मुलांसाठी लिहिलेलं असावं. कोणत्या, ते कव्हरासोबत गेलं होतं. अक्षर मोठं. प्रत्येक धडा एका पानाचा. आधी चार ओळींची हकिगत, खाली एक प्रश्न, आणि खाली मोकळी जागा. उत्तरं शेवटी दिली असतील म्हणून मी शेवटचं पान काढलं. तिथं लिहिलं होतं, "उत्तरे लेखकालाही ठाऊक नाहीत. कळल्यास कळवावे." पत्ता दिलेला नव्हता.

मी तेच निवडलं. का निवडलं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. बाकीच्या दोघांना सगळं माहीत होतं, आणि काकीच्या दारात सगळं माहीत असलेले लोक आधीच येऊन गेले होते.

आता चूक झाली ती माझी म्हणा किंवा गावाची म्हणा. आमच्याकडं घरात पुस्तक येतं ते पोथीच्या रूपानं. पुस्तक काकीला दिलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर काकीनं आंघोळ करून जमीन सारवली होती, पाट मांडला होता, पाटावर धुतलेलं फडकं आणि फडक्यावर माझं बिनकव्हराचं पुस्तक. पहिल्या पानावर हळद-कुंकू लागलं होतं. शेजारच्या रुक्माबाई आणि बयनाबाई नारळ घेऊन येऊन बसल्या होत्या.

"काकी, ही पोथी नोहे."

"पुस्तक हाय ना?"

"हाय."

"मग बस तिकडं."

आणि पोथी म्हटली की वाचणारा एक लागतो आणि अर्थ सांगणारा एक लागतो. वाचणारा एक ओळ वाचतो, थांबतो, दुसरा तिचा अर्थ उलगडून सांगतो. आमच्या गावात मारुतीच्या देवळात वीस वर्षं अर्थ सांगणारा माणूस महिपतकाका. मी हे विसरलो होतो. काका विसरले नव्हते. पाट मांडलेला दिसताच ते ओट्यावरून उठले, पाय धुतले, टोपी सरळ केली आणि पाटाच्या उजव्या बाजूला मांडी घालून बसले. घसा साफ केला.

काकीनं बोट ठेवून वाचलं, "मी... म्हणजे... कोण?"

"म्हंजे ग्रंथकार काय म्हनते," काकांनी डोळे मिटून सुरू केलं, आणि अर्धा तास थांबले नाहीत. मी कोण म्हणजे शेत कोणाचं, शेत कोणाचं म्हणजे धुरा, शेताचा बांध, कोणाचा, धुऱ्यावर बैल कोणाचे चरतात. शेवटी म्हणाले, "म्हनून इचारल्याबिगर कोनाचे बैल नेऊ नये." रुक्माबाईंनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी धडा स्वप्नाबद्दल होता. अर्थ दुसरा निघाला, तात्पर्य तेच. तिसऱ्या दिवशी खरं-खोटं, तरी बैल नेऊ नये. कोणे एके काळी कोणीतरी काकांचे बैल न विचारता नेले असणार आणि तत्त्वज्ञानाच्या सगळ्या वाटा तिथंच जाऊन मिळत होत्या. पण काकीच्या ध्यानात वेगळंच आलं. प्रत्येक अर्थ सांगून झाल्यावर काका तिच्याकडं वळून विचारायचे, "समजलं का, बाई? नसन तं पुन्हा वाचा, मी पुन्हा सांगतो."

"देवळात मी वीस वर्स मांगं बसून आयकलं," ती मला बाहेर म्हणाली. "कदी मले इचारलं नाई, समजलं का म्हनून."

"मग हा दुसराच, काकी."

"पन सांगते तं त्याच्याच आवाजात."

पंधरावा दिवस उजाडायच्या आतच, बाराव्या दिवशी, भगवंतराव आला. खाणीत सुट्टी आधी मिळाली म्हणाला. तो दारात आला तेव्हा वाचन सुरू झालेलं. पोथी चालू असताना मधात बोलत नाहीत, हे बेल्लमपल्लीतही कोणी विसरत नाही. त्यानं चपला काढल्या, पिशवी भिंतीला टेकवली आणि आमच्यामागं बसला.

त्या दिवशीचा धडा विहिरीचा होता. काकी आता अडखळत नव्हती, फक्त हळू वाचत होती. "एका विहिरीतले सगळे पाणी उपसले. दुसऱ्या दिवशी नवे पाणी आले. मग कोणी काठाचे दगड काढून नवे बसवले." तिनं बोट खाली सरकवलं. प्रश्नापाशी ती जरा जास्तच थांबली. "विहीर तीच आहे का?"

काकांनी डोळे मिटले.

"म्हंजे ग्रंथकार काय म्हनते, तं पानी म्हंजे विहीर नोहे. पानी रोजच नवं असते. अन गोटे म्हंजे बी विहीर नोहे, गोटे कुठं बी भेटतात." ते थांबले. एरवी ते थांबायचे नाहीत. "बाया सकाळी उठून घागर घेऊन जिथं येतात, ते विहीर. येनं बंद झालं तं तो खड्डा होय." आणि मग नेहमीसारखं, "म्हनून इचारल्याबिगर कोनाचे बैल नेऊ नये."

भगवंतरावनं जागा बदलली. त्यानं जन्मात कोणाचे बैल नेले नव्हते.

"समजलं का, बाई?" काकांनी विचारलं.

"समजलं," काकी म्हणाली. पहिल्यांदाच असं म्हणाली.

नारळाचे तुकडे वाटून झाले, बायका गेल्या. भगवंतरावनं चहा घेतला. चहा काकांनी स्वतः आणून दिला, "घ्या, पावने," म्हणून. बायकोसोबत मेव्हणाही त्यांच्या डोक्यातून गेला होता. मग भगवंतराव म्हणाला, "चाल, राहे. सहाची बस हाय."

"दादा, मी नाई येत."

"अवं, पन त्याले तू कोन तेच नाई माहीत."

"नसू दे." ती पाट उचलायला वाकली, मग उचलला नाही, तिथंच बसली. "आता आयक. हा तोच असन, तं मी त्याची बायको हाओ, मले जाता येत नाई. अन दुसरा असन, तं चांगला मानूस हाय, टोपली उतरून घेते, समजलं का म्हनून इचारते. असा मानूस एकटा काऊन सोडू? दोन्हीकून मी इथंच रायते."

"अन लोक?"

"लोकाइले म्हनाव, आदी पुस्तक वाचा."

भगवंतराव माझ्याकडं पाहायला लागला. हे सगळं माझ्यामुळं झालं असं त्याच्या चेहऱ्यावर होतं, आणि ते खरंही होतं. माझ्या आयुष्यात मी निवडलेलं ते पहिलंच पुस्तक. मी जमिनीकडं पाह्यलं.

तो उठून भिंतीपाशी गेला. मग पिशवीतून एक नवं लुगडं काढलं, क्वार्टरात नेसायला म्हणून आणलेलं, आणि बहिणीच्या मांडीवर ठेवलं. "इथंच नेस मग," म्हणाला. उतरत्या उन्हात आम्ही तिघं त्याला फाट्यापर्यंत पोचवायला गेलो. काकाही आले, पाहुण्याला पोचवायचंच असतं म्हणून.

बस गेली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही उभे होतो.

"कोन होते ते?" काकांनी विचारलं.

"माहा भाऊ," काकी म्हणाली. "मले न्यायले आला होता."

"बरा मानूस दिसला." काका जरा चालले, थांबले, तिला येऊ दिलं. "अन तुमी नाई गेल्या?"

"नाई."

"बरं केलं," काका म्हणाले, आणि तिच्या बाजूनं, तिच्याच चालीनं, गावाकडं चालायला लागले. लग्न झाल्यापासून ते तिच्या पुढंच चालत आले होते. मी दोघांच्या मागं राह्यलो, अंमळ जास्तच मागं.